विश्लेषण : ट्रायकोडर्माचे पाकीट घेतले, पण आतली बुरशी जिवंत आहे का?

रोगाच्या बुरशीवर मित्रबुरशी सोडायची, ही कल्पना आज गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळते. त्यासाठी लागणारे शास्त्र, सूक्ष्मजीवांचे साठे आणि प्रयोगशाळा पुण्यात आहेत. तरीही 'जैविक चालत नाही' हे वाक्य बांधावर वारंवार ऐकू येते. असे का होते?

रब्बीची पेरणी जवळ आली, की हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळण्याचा सल्ला कृषी विभागाच्या पत्रकांपासून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरू लागतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, की बॅसिलस आणि स्युडोमोनासची नावे चर्चेत येतात. डाळिंब, हळद, आले, टोमॅटो अशा प्रत्येक पिकासाठी काही ना काही जैविक उत्पादन बाजारात आहे.

सल्ला चुकीचा नाही. मात्र त्यात एक वाक्य बहुतेक वेळा राहून जाते. पाकिटातला जीव जिवंत असला, तरच तो काम करतो. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडून राहिलेले पाकीट आणि मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून निघालेले पाकीट दिसायला सारखेच असते. किंमतही सारखीच असते. एकात सैन्य असते, दुसऱ्यात नुसती पावडर. शेतकऱ्याला फरक कळतो तो महिनाभराने, शेतात झाडे सुकू लागल्यावर. तोपर्यंत हंगाम हातातून गेलेला असतो.

जैविक रोगनियंत्रणाचा आजचा खरा प्रश्न तो चालतो की नाही हा नसून, विकले जाणारे पाकीट जिवंत आहे याची हमी कोण देणार, हा आहे.

मित्रबुरशी म्हणजे नेमके काय?

चिमूटभर मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. त्यातले बहुतांश पिकाला काहीच करत नाहीत. काही मुळांवर हल्ला करतात आणि मर, मूळकूज, कंदकूज, रोपे कोलमडणे असे रोग आणतात. काही मात्र या रोगकारक बुरशींचे शत्रू असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मित्र.

यातले सर्वांत परिचित नाव ट्रायकोडर्मा. ही हिरवट रंगाची, वेगाने वाढणारी बुरशी आहे. तिचे शास्त्रीय नामकरण १७९४ मध्येच झाले होते. पण ती इतर बुरशींना खाते हे १९३२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड विंडलिंग यांनी दाखवून दिले. बॅसिलस सबटिलिस आणि स्युडोमोनास फ्लुरोसन्स हे जिवाणूही याच कामासाठी वापरले जातात. द्राक्षावरच्या भुरीसाठी ॲम्पेलोमायसिस ही बुरशी वापरतात. ती भुरीच्या बुरशीवरच वाढते, म्हणजे परजीवीवरचा परजीवी.

ही लढाई मातीत कशी होते?

साधारण चार मार्गांनी.

पहिला मार्ग जागा अडवण्याचा. मूळ फुटताना त्यातून शर्करा आणि इतर द्रव्ये झिरपतात. तिथे जो आधी पोहोचतो त्याला अन्न मिळते. मित्रबुरशी आधीच बियाण्यावर असेल, तर रोगाच्या बुरशीला जागा उरत नाही.

दुसरा मार्ग थेट हल्ल्याचा. ट्रायकोडर्माचे तंतू शत्रू बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालतात. मग विकरे सोडून तिची भिंत विरघळवतात आणि आतले अन्न शोषतात.

तिसरा मार्ग रसायनांचा. बॅसिलस आणि स्युडोमोनास अशी द्रव्ये सोडतात, की शेजारी रोगकारक बुरशी वाढू शकत नाही.

चौथा मार्ग झाडालाच सावध करण्याचा. मुळांवर मित्र जिवाणू वसले, की झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा आधीच जागी होते. पुढे पानावर रोग आला तर झाड लवकर प्रतिसाद देते.

या चारही मार्गांत एक गोष्ट समान आहे. मित्राला आधी पोहोचावे लागते, वाढावे लागते आणि जगावे लागते. मेलेली बुरशी जागा अडवू शकत नाही.

पुण्याचा या विषयाशी जुना संबंध काय?

मातीतल्या सूक्ष्मजीवाकडून पिकाचा रोग आवरून घेण्याचा प्रयत्न पुणे परिसरात साठ वर्षांपूर्वीच झाला होता. फक्त तेव्हा सूक्ष्मजीव नव्हे, त्याने बनवलेले औषध बाटलीत भरले जात होते.

पेनिसिलीन देशात बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तेथील संशोधनात बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांचा मोठा वाटा होता. १९६०च्या दशकात तिथे मातीतल्या जिवाणूंपासून बुरशीविरोधी प्रतिजैविके शोधली गेली. त्यातले एक हॅमायसिन. ते देणाऱ्या जिवाणूचे नावच 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना' असे ठेवले गेले. पिंपरीचे नाव अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात गेले. ऑरिओफंजिन हे तिथलेच दुसरे प्रतिजैविक पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी वापरले गेले. स्ट्रेप्टोसायक्लीन हे नाव तर आजही डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदारांना तोंडपाठ असते.

या वाटेची मर्यादा पुढे दिसली. प्रतिजैविक हे सूक्ष्मजीवाने बनवलेले असले तरी शेवटी रसायनच. एकाच ठिकाणी मारा करते, त्यामुळे रोगकारक जिवाणू त्याला सरावतात. शिवाय स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ही माणसांचीही औषधे आहेत. त्यांचा शेतात वापर होत राहिला, तर प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा धोका वाढतो. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या दोन्हींचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला.

जिवंत सूक्ष्मजीव वापरण्याचा मार्ग वेगळा आहे. तो चार बाजूंनी काम करतो, म्हणून त्याला सरावणे रोगाला कठीण जाते. मात्र बाटलीतल्या औषधाला जी सोय होती ती इथे नाही. औषध कपाटात थांबू शकते. जीव थांबत नाही.

आज पुण्यात काय काय आहे?

या कामाला लागणारी जवळपास सगळी साखळी एका शहरात आहे, असे पुण्याबद्दल म्हणता येईल.

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात सूक्ष्मजीवांचा मोठा साठा जतन केला जातो. पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे ठिकाण म्हणूनही ते काम करते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा वेगळा संग्रह आहे. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक नियंत्रणावरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. आणि राज्याचे कृषी आयुक्तालयही पुण्यातच आहे. निविष्ठांची गुणवत्ता राखण्याची यंत्रणा तिथूनच चालते.

म्हणजे शुद्ध वाण जपणारे, त्यावर संशोधन करणारे, शेतकऱ्याला सल्ला देणारे आणि बाजारावर नजर ठेवणारे, असे सगळे तासाभराच्या अंतरावर आहेत. कमतरता ज्ञानाची नाही. प्रयोगशाळेतून निघालेला जीव बांधावर पोहोचेपर्यंत जिवंत राहतो का, या मधल्या टप्प्याकडे मात्र कोणाचेच पूर्ण लक्ष नाही.

द्राक्षात याची गरज का वाढली?

नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदारांना ऑक्टोबर छाटणीनंतर दोन शत्रूंशी सामना करावा लागतो. केवडा आणि भुरी. अवकाळी पाऊस लांबला की केवडा पसरतो. ढगाळ, कोरडे हवामान राहिले की भुरी. त्यामुळे एका हंगामात बुरशीनाशकांच्या फवारण्यांची रांग लागते.

यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली सरावाची. केवड्याच्या बुरशीने काही गटांच्या बुरशीनाशकांना दाद न देण्याची क्षमता मिळवल्याचे महाराष्ट्रातील बागांमध्येही आढळले आहे. दुसरी अवशेषांची. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. म्हणजे दहा कोटींत एक भाग. २००३ मध्ये मिथोमिल या कीटकनाशकाच्या आणि २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडचणीत आली. ही दोन्ही बुरशीनाशके नव्हती. तरी वेलीवर जे फवारले जाते त्याचा हिशोब शेवटच्या घडापर्यंत लागतो, हा धडा बागायतदारांना मिळाला. आज युरोपला जाणारी प्रत्येक खेप तपासली जाते.

अशा वेळी फळ पक्व होत असताना रासायनिक अवशेष न सोडणारे नियंत्रण लागते आणि तिथे जैविक बुरशीनाशकांना जागा मिळते. मांजरीच्या केंद्रातील संशोधकांनी यापुढचेही पाऊल तपासले आहे. द्राक्षवेलींवरच सापडलेले बॅसिलस सबटिलिसचे काही वाण प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे विघटन करतात, असे त्यांच्या २०१३ आणि २०१४ मधील शोधनिबंधांत नोंदले आहे. म्हणजे एकच जिवाणू रोगही रोखेल आणि आधीच्या फवारणीचे अवशेषही कमी करेल, अशी शक्यता आहे.

हा प्रश्न निर्यातदारांपुरता नाही. युरोपला जाणाऱ्या खेपेची तपासणी होते. मार्केट यार्डातून पुणेकरांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक क्रेटची होत नाही. बागेत फवारणी कमी झाली, तर त्याचा पहिला फायदा इथल्या ताटाला आहे.

मग 'जैविक चालत नाही' असे का म्हटले जाते?

तीन कारणे आहेत आणि तिन्हींत शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही.

पहिले कारण उशीर. रासायनिक बुरशीनाशकांपैकी काही रोग आल्यावरही थोडाफार आवर घालतात. सूक्ष्मजीवांचे तसे नाही. ते रोग येण्याआधी वसायला हवेत. झाड सुकू लागल्यावर ट्रायकोडर्माची आळवणी करणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कुलूप आणायला जाणे. ते झाड वाचत नाही. फार तर शेजारची वाचतात.

दुसरे कारण मिसळण. कार्बेन्डाझिम बुरशी मारते आणि ट्रायकोडर्माही बुरशीच आहे. दोन्ही एकाच बियाण्याला चोळली, तर शेतकरी आपल्याच पैशाने आणलेले सैन्य आपल्याच पैशाने मारतो. ताम्रयुक्त औषधांचे जिवाणूंशी असेच वैर आहे. दुकानदार मात्र अनेकदा दोन्ही पुड्या एकाच पिशवीत देतो. कोणती आधी, कोणती नंतर आणि मध्ये किती दिवस, हे तो सांगत नाही.

तिसरे कारण मेलेले पाकीट. हे सर्वांत गंभीर, कारण यात शेतकऱ्याची काहीच चूक नसते. वेळ साधली, मिसळणही टाळली, तरी पाकिटातच जीव नसेल तर काय? ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंश तापमान मानवते. विदर्भ, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याचे गोदाम आणि बंद टेम्पो यांत तो आणखी वर जातो. खरिपाचा माल याच काळात दुकानांत पोहोचतो.

सगळे सूक्ष्मजीव सारखे नाजूक नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. बॅसिलस प्रतिकूल काळात जाड कवचाचे बीजाणू बनवतो, त्यामुळे तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. स्युडोमोनासला असे कवच नसते, तो लवकर मरतो. पण दुकानात दोघेही एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

एका दाण्याच्या वाट्याला किती बीजाणू येतात?

साधा हिशोब करून पाहता येतो. नियमानुसार ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅम पावडरीत किमान २० लाख जिवंत घटक हवेत. हरभऱ्यासाठी किलोमागे सुमारे ५ ग्रॅम पावडर चोळतात. म्हणजे एक किलो बियाण्यावर एक कोटी जिवंत घटक.

हरभऱ्याच्या मध्यम आकाराच्या शंभर दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले, तर किलोत ५ हजार दाणे होतात. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला आले दोन हजार. चोळताना काही सांडतील, काही वाळतील. तरी मुळाभोवती वस्ती करायला पुरेसे उरतील.

आता समजा, पाकीट उष्णतेत पडून राहिले आणि शंभरातला एकच घटक जिवंत राहिला. मग एका दाण्यावर फक्त वीस उरतात. समोर मातीत मर रोगाच्या फ्युजेरियम बुरशीचे बीजाणू वर्षानुवर्षे तळ ठोकून बसलेले असतात. निकाल काय लागेल, ते सांगायला नको. शेतकऱ्याने मात्र पैसे दोन हजारांचे मोजलेले असतात.

कायदा काय सांगतो?

रोगनियंत्रणाचा दावा करून विकले जाणारे सूक्ष्मजीव १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांना केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे नोंदणी घ्यावी लागते. कोणती प्रजाती आणि कोणता वाण आहे, ग्रॅममागे किती जिवंत घटक आहेत, माणसाला अपायकारक जिवाणू त्यात नाहीत ना, हे सगळे दाखवावे लागते. ट्रायकोडर्मासाठी ग्रॅममागे किमान २० लाख, तर बॅसिलस आणि स्युडोमोनाससाठी किमान १० कोटी जिवंत घटकांची अट आहे. लेबलवर हा आकडा 'सीएफयू' या नावाने असतो.

नियम कागदावर चांगला आहे. अडचण तपासणीच्या पद्धतीत येते. रासायनिक औषधाचा नमुना यंत्रात घातला, की सक्रिय घटक किती टक्के ते कळते. जिवंत नमुना बशीत वाढवावा लागतो आणि वसाहती मोजाव्या लागतात. त्याला काही दिवस लागतात, प्रशिक्षित हात लागतात. नमुना प्रयोगशाळेपर्यंत थंड न्यावा लागतो, नाहीतर तो वाटेतच मरतो आणि दोष कारखान्याचा की टेम्पोचा, हा वाद उरतो.

शिवाय बाजारात नोंदणीच्या कडेकडेने चालणारी उत्पादनेही आहेत. रोग बरा करण्याचा दावा तोंडी करायचा आणि लेबलवर 'वाढवर्धक' किंवा 'मातीसुधारक' लिहायचे, ही त्यातली जुनी युक्ती. 'जैविक' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत रासायनिक कीटकनाशके मिसळल्याची प्रकरणेही देशात समोर आली आहेत. अशा बाटलीने रोग-कीड लगेच आटोक्यात येते, शेतकरी खूश होतो आणि अवशेष तपासणीत त्याचाच माल नापास होतो.

घरी गुळाच्या पाण्यात वाढवले तर?

दोनशे लिटरचा ड्रम, गूळ, थोडे बेसन आणि एक पाकीट ट्रायकोडर्मा. चार-आठ दिवस ढवळायचे आणि ठिबकमधून सोडायचे. ही पद्धत अनेक गावांत रूढ झाली आहे. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. एका पाकिटात दहा पाकिटांचे काम होते, असे वाटते.

विरजणाचे उदाहरण इथे लागू पडते. विरजण चांगले असेल, भांडे स्वच्छ असेल आणि दूध योग्य कोमट असेल तरच दही नीट लागते. यातले एक बिघडले, की आंबट वास येतो. दह्याचा वास घरातल्या कोणालाही कळतो. ड्रममध्ये ट्रायकोडर्मा वाढला की हवेतले भलतेच जिवाणू, हे डोळ्यांना आणि नाकाला खात्रीने कळत नाही. उघड्या ड्रममधल्या गोड पाण्यात वेगाने वाढणारे जिवाणू आणि यीस्ट सहज पुढे जातात.

त्यापेक्षा जुना सल्ला अधिक भरवशाचा आहे. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळावा, सावलीत झाकून ठेवावा आणि काही दिवसांनी वाफशावर जमिनीत द्यावा. मात्रा लेबलवर दिलेली असते, ती पाळावी.

म्हणजे रासायनिक औषधे बंद करायची का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगणे जैविकच्या बाजूने बोलणाऱ्यांची जबाबदारी आहे. सलग तीन दिवस पाऊस लागला आणि द्राक्षावर केवडा आला, तर केवळ जिवाणूंच्या भरवशावर बाग सोडणे परवडणारे नाही. विषाणूजन्य रोगांवर ट्रायकोडर्मा उपाय नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीडनाशकांवर एका झटक्यात बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. तयारीशिवाय केलेला बदल शेतकऱ्यालाच बुडवतो.

दुसरी टोकाची भूमिकाही तितकीच महाग पडते. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ती कीटकनाशके होती, बुरशीनाशके नव्हेत. तरी प्रत्येक टाळता आलेली फवारणी ही पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या फायद्याची असते, हे त्यातून दिसते.

व्यवहार्य वाट मधली आहे. मर, मूळकूज, कंदकूज अशा जमिनीतून येणाऱ्या रोगांसाठी सूक्ष्मजीव हा पहिला उपाय असावा, कारण माती भिजेपर्यंत रसायन ओतणे परवडतही नाही आणि टिकतही नाही. त्यासोबत मर रोगाला तोंड देणारे विजय, दिग्विजयसारखे हरभऱ्याचे वाण आणि पिकांची फेरपालट. पानांवरच्या रोगांसाठी हवामान पाहून रसायन आणि सूक्ष्मजीव यांचे वेळापत्रक. काढणी जवळ येईल तसा सूक्ष्मजीवांचा वाटा वाढवायचा.

पाकीट घेताना काय पाहावे?

शेतकऱ्यांसाठी आणि गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या पुणेकरांसाठीही यादी एकच आहे.

– नोंदणी क्रमांक आणि सूक्ष्मजीवाचे पूर्ण नाव लेबलवर आहे का? नुसते 'जैविक' किंवा 'ऑरगॅनिक' लिहिलेले पुरेसे नाही.

– ग्रॅममागे सीएफयूचा आकडा दिला आहे का?

– उत्पादनाची तारीख कोणती? मुदत संपायला दोन महिने आहेत हे पुरेसे नाही. जितके ताजे तितके चांगले.

– दुकानात पाकीट कुठे ठेवले होते? उन्हात, खतांच्या पोत्यांवर ठेवलेले असेल तर घेऊ नये.

– बियाण्याला चोळायचे तर सावलीत चोळावे, सावलीतच सुकवावे आणि लगेच पेरावे. रासायनिक औषध वापरले असेल तर दोन्हींचे जमते का, हे आधी विचारावे.

– पक्के बिल घ्यावे. तक्रार करायची वेळ आली, तर बॅच क्रमांकाशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

पण ही सगळी जबाबदारी शेतकऱ्याचीच का?

इथेच खरी गोम आहे. दूध घेताना ग्राहक पिशवीवरची तारीख पाहतो; पण ते डेअरीपासून दुकानापर्यंत थंड आणण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. जिवंत सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मात्र 'नीट वापरले नाही' असे म्हणून सगळा दोष शेवटच्या माणसावर टाकला जातो.

यात बदल करायला नवा शोध लागत नाही. तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

एक, नमुने कारखान्याबरोबरच खेड्यातल्या दुकानाच्या फळीवरून, मे आणि जूनमध्ये घेतले जावेत. शेतकरी जे विकत घेतो तेच तपासले पाहिजे. त्याचे निकाल उत्पादन आणि बॅचनिहाय कृषी आयुक्तालयाने मोबाइलवर दिसतील असे जाहीर करावेत. पाकिटावरचा कोड स्कॅन केला की तपासणीचा निकाल दिसावा. रेल्वेच्या तिकिटाची प्रतीक्षा यादी फोनवर दिसते, तर हे अशक्य नाही.

दोन, उत्पादन जवळ आणि मागणीनुसार व्हावे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा आणि कृषी विद्यापीठे जैविक निविष्ठा तयार करतातच. पेरणीच्या पंधरा दिवस आधी गावाने नोंदणी करावी आणि ताजा माल थेट यावा, अशी पद्धत लावली तर वर्षभर गोदामात साठवण्याचा प्रश्नच कमी होतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे काम देता येईल. शुद्ध वाण पुण्यातल्या संग्रहांतून दरवर्षी नव्याने घेतला, तर विरजण बिघडण्याची भीती राहणार नाही.

तीन, अनुदानावर वाटप होणाऱ्या पाकिटांसाठी निविदा काढताना सर्वांत कमी दराबरोबर जिवंतपणाची अट घालावी, आणि तीही पुरवठ्याच्या दिवशी, तालुक्याच्या गोदामात मोजून. दर पाहून घेतलेले मेलेले पाकीट फुकट वाटले तरी महागच असते, कारण त्याच्या भरवशावर शेतकरी दुसरा उपाय करत नाही.

याला खर्च येईल, हे खरे. प्रयोगशाळांना माणसे लागतील, थंड साठवण लागेल, काही पाकिटांची किंमत वाढेल. पण आज जो खर्च होतो आहे तो दिसत नाही इतकेच. तो सुकलेल्या हरभऱ्याच्या रूपात, नापास झालेल्या द्राक्षाच्या खेपेच्या रूपात आणि एकदा फसल्यावर पुन्हा कधीच जैविककडे न वळणाऱ्या शेतकऱ्याच्या रूपात होतो. यातले शेवटचे नुकसान भरून यायला सर्वांत जास्त वर्षे लागतात.

ट्रायकोडर्माला शत्रू बुरशी कशी ओळखायची, ते कोणी शिकवावे लागत नाही. ते काम तो मातीत कधीपासून करत आला आहे. त्याला जिवंत शेतापर्यंत पोहोचवणे एवढेच माणसाच्या वाट्याचे काम आहे. पुण्यात ते करू शकणाऱ्या संस्था आहेत. येत्या हंगामाआधी त्यांनी दुकानाच्या फळीपर्यंत जावे.